दुखणं कुणाच्या वहीत?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची एक बाई. जन्मदाखल्यावर पुरुष. २००१ साली पदरमोड करून तिनं लिंगबदलाची शस्त्रक्रिया केली. हा खर्च उत्पन्नातून वजा मागितला, तर करखातं म्हणालं, ही तर नटण्याची हौस!

ती लढली. २०१० साली कर न्यायालय म्हणालं, संप्रेरकं नि लिंगबदल हा उपचार; छातीची शस्त्रक्रिया मात्र नटणंच. देह एक, निवाडे दोन. आणि ठरवणार कोण? ज्याला दुखत नाही तो!

आपल्याला हे नवं नाय. १९२७ साली महाडच्या तळ्यावर तहान आपली होती, परवानगी त्यांची.

सूट तरी कुणाला? उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरच्या खर्चाला. ज्याच्या कमाईवर करच बसत नाही, त्यानं दुखणं वजा करायचं कशातून?