घरची वही कोणाची?

सुलतान बाजारातील आमच्या जुन्या घराच्या फडताळात आजेसासऱ्यांच्या जमाखर्चाच्या वह्या आजही आहेत. अक्षर मोडी, सन फसली, रक्कम कुठे हाली सिक्क्यात तर कुठे कलदारात. १९३३ साली रेसिडेन्सीच्या अमलाखालचा हा बाजार निजाम सरकारकडे परत गेला. वहीला त्याची दखल नाही. तेथे तूप, सरपण, बारशाचे पेढे, आणि मध्येच एक ओळ : ‘मुलास ताप, हकीमसाहेबांस दीड रुपया.’ ताप उतरला की नाही, रात्री उशाशी कोण बसले होते, हे वही सांगत नाही. पैसा कोठे गेला ते कळते. माणसे कशी राहिली ते कळत नाही.

ही उणीव आपल्या हातून राहू नये, म्हणून मुलीच्या जन्मानंतर आम्ही घरातील साध्या दिवसांची वही लिहू लागलो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपली कुटुंबे येथेच राहिली. तेव्हापासून आपली मराठी मुख्यतः स्वयंपाकघर, देवघर, विवेकवर्धिनीसारख्या संस्था आणि ग्रंथालये यांच्या आधाराने टिकली आहे. आमच्या मुलांची शाळा इंग्रजी, रस्ता तेलुगू आणि दख्खनी. घरातले बोलणे कोणी टिपून ठेवले नाही तर ते माणसांबरोबरच जाणार, ही भीती खोटी नव्हती. वही लिहिणे हे आम्हाला कर्तव्यच वाटले.

पुढे जे घडले त्याने त्या कर्तव्याची दुसरी बाजू दाखवली. मुलगी सात वर्षांची असताना एकदा सासूबाई तिला शाळेतून आणावयास गेल्या. नऊवारी लुगडे, कपाळी ठसठशीत कुंकू, आणि फाटकापासून मोठ्याने मराठीत हाक. मैत्रिणीने विचारले, या कोण? मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडे कामाला आहेत.’ रात्री आमच्या कुशीत शिरून, हुंदके देत तिने हे सांगितले. ती झोपल्यावर आम्ही ते वहीत लिहिले. सहा वर्षांनी दिवाळीच्या फराळाला जमलेल्या आप्तांसमोर, जुन्या गमतीजमती म्हणून वही वाचता वाचता, तेही पान वाचून गेलो. सगळे हसले. सासूबाईही हसल्या, पण त्यांनी हातातली बशी हळूच खाली ठेवली. मुलगी उठून आत गेली. रात्री ती एवढेच म्हणाली, ‘आई, ते मी तुला सांगितलं होतं. वहीला नाही.’

आम्ही निरुत्तर झालो. घटना खरी होती, लिहिण्याचा हेतूही वाईट नव्हता. मग अपराध कोणता? विचार करता असे वाटते की, जे आमच्याजवळ ठेव म्हणून दिले होते ते आम्ही मालकीचे समजलो. आईबापांना मुलांचे जे कळते, त्यातले बरेचसे मुले असहाय असतात म्हणून कळते. त्या असहायतेतून हाती आलेले ज्ञान वापरताना निराळी मर्यादा पाळावी लागते.

आपल्या वाङ्मयात घर पुष्कळ आले आहे. रमाबाई रानडे यांनी १९१० साली पतीच्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. या माणसांनी तरी कोणाची अनुमती घेतली होती, असा आक्षेप कोणी घेईल. पण एक भेद ध्यानात घ्यावा. श्यामच्या गोष्टींत उघडा पडतो तो श्याम. चुकतो तो, रडतो तो. लक्ष्मीबाई हसतात ते आधी स्वतःला. शिवाय ही लेखणी धाकट्यांनी थोरांविषयी, तीही आयुष्य पाहून झाल्यावर चालवलेली आहे. आईबाप मुलाविषयी लिहितात तेव्हा उलट घडते. ज्याची गोष्ट अजून सुरूही झाली नाही, त्याची गोष्ट दुसराच सांगून मोकळा होतो. पुढे त्या मुलाने स्वतःविषयी काही म्हणायचे ठरवले, तर आधी आपल्याला खोडावे लागते.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. राखणदार म्हणून नेमले ते पालकांनाच. कुंपणानेच शेत खाल्ले तर काय, या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यावयाचे आहे.

आम्ही लिहिणे सोडले नाही. सोडले असते तर पुन्हा तूप आणि सरपणच उरले असते. काही बंधने मात्र घालून घेतली. चारचौघांत घडले ते लिहावे. कुशीत सांगितलेले लिहू नये. मुलाची चूक लिहायची तर त्याच पानावर आपलीही लिहावी. मूल जाणते झाले की वही त्याच्या हाती द्यावी, पाने फाडण्याच्या अधिकारासह.

ते पान आम्ही मुलीला फाडून दिले. तिने ते ठेवले की नाही, हे विचारले नाही. तोटा झाला, हे नाकारत नाही; या शहरात मराठी घरातले मूल म्हणून वाढणे म्हणजे काय, हे त्या एका पानाने सांगितले असते तितके बाकीची वही सांगत नाही. परंतु ते सांगायचे की नाही हे आता ती ठरवील.

हल्ली आजेसासऱ्यांची ती ओळ वाचताना पूर्वीसारखी तक्रार मनात येत नाही. ‘मुलास ताप, हकीमसाहेबांस दीड रुपया.’ त्यांना बाकीचे ठाऊक नव्हते, असे आपण कशावरून म्हणावे?