पिंपळावरचे दप्तर

तीन वाटा मिळतात तेथे उतारा टाकावा, ही चाल मराठवाड्यातून अद्याप सर्वस्वी गेलेली नाही. आणि सेलू, जिंतूर व मंठा या गावांकडच्या वाटा ज्या देवगाव फाट्यावर एकत्र येतात, तशा जागी दिवसभर चहाच्या हॉटेलांचा आणि वाहनांची वाट पाहणाऱ्या उतारूंचा कितीही गलबला असला, तरी जुन्या समजुतीप्रमाणे तेथली खरी वस्ती निराळीच असते. अमेरिकन लेखक टी. जे. क्लून याची 'अंडर द व्हिस्परिंग डोअर' ही 2021 सालची कादंबरी अशाच एका वाटेवरच्या चहाच्या दुकानात घडते. हयातीत रुक्ष व उर्मट असलेला वॉलेस नावाचा वकील मेल्यावर तेथे आणला जातो. दुकानाचा मालक ह्यूगो हा मृतांना पैलतीरी नेणारा. आणि या दोन पुरुषांत, एक देहासहित व दुसरा देहावाचून, प्रीती उपजते. ह्यूगोचा मेलेला आजा आणि मेलेला कुत्राही त्याच घरात सुखेनैव नांदत असतात.

ज्यांत भुते भिववीत नाहीत, रहस्ये रक्तपाताच्या वर्णनांवाचून उकलतात आणि क्वीअर पात्रे संकोचावाचून वावरतात, अशा उबदार कथा इंग्रजीत आता विपुल झाल्या आहेत. करमणुकीचा माल म्हणून त्या बाजूस सारण्याकडे आमच्या विद्वानांचा कल होईल. परंतु त्यांत एक धर्मप्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्या भूतविद्येस अडचणीत आणणारा आहे.

मराठी भुतांचे दप्तर कोणत्याही तहसील कचेरीहून काटेकोर. मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेलेली ती हडळ. निपुत्रिक वा कृपण मेला तो समंध. मुसलमान असेल तर खवीस. जात, लिंग, विवाह, संतती हे रकाने मरणानंतरही भरावेच लागतात! श्वेताश्वतर उपनिषद मात्र जीवास स्त्री म्हणत नाही, पुरुष म्हणत नाही, नपुंसकही म्हणत नाही; तो ज्या शरीराचा आश्रय करतो त्यावरून ओळखला जातो, इतकेच. महाभारताच्या शांतिपर्वात सुलभा नावाची संन्यासिनी योगबळाने जनकाच्या ठायी प्रवेश करते, तेव्हा स्वतःस मुक्त म्हणविणारा तो राजा एखाद्या फौजदाराने करावी तशी तिच्या जातीकुळाची नि नवऱ्याची चौकशी आरंभतो. आणि ज्यास आपपरभाव उरला नाही त्याने 'तू कोण, कोणाची' हे विचारावेच कशास, असे ती त्यास निरुत्तर करून सोडते. देवगाव फाट्याच्याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाईने विठोबास विठाबाई केले, त्यास दळणास बसविले, आणि त्यात कोणास काही वावगे वाटले नाही. हे सारे आम्ही पूज्य मानले. पिंपळाखालून जाताना विश्वास ठेवला तो दप्तरावर.

अतृप्त वासनेमुळे भूतयोनी प्राप्त होते, असे सांगतात, आणि मुंजाची वासना म्हणजे न झालेले लग्न. मग ज्या दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा जन्मभर एकमेकांवर जीव होता, पण ज्यांचे लग्न लागणेच शक्य नव्हते, त्यांचे भूत कोणत्या नावाखाली दाखल करावे? रकाना नाही. समाजास त्यांच्या वासनेचे भय वाटले नाही, असा याचा अर्थ कोणी लावील. मला तो पटत नाही. भय वाटण्यासाठीसुद्धा आधी अस्तित्व कबूल करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला, आणि 17 ऑक्टोबर 2023 च्या फैसल्यात विवाहाचा मूलभूत हक्क मानण्यास नकार दिला. प्रेमास मोकळीक, लग्नाची नोंद नाही: मुंजाची अवस्था याहून निराळी ती कोणती? मात्र हे लोक जिवंत आहेत.

ज्याची नोंद नाही त्याचा वारस कोण, आणि त्याला पिंड कोणी द्यावा, हा पुढचा पेच. गरुडपुराणात बभ्रुवाहन राजास अरण्यात एक निर्वंश प्रेत भेटते आणि त्याची विनंती ऐकून राजा, नात्यागोत्याचा कसलाही दाखला न मागता, त्याचे और्ध्वदेहिक करतो. प्रेत मुक्त होते. अनोळखी राजाच्या हातचे जर पोचले, तर तीस वर्षे एका चुलीवर जेवलेल्या सोबत्याच्या हातचे का पोचू नये, हे आता शास्त्रीबुवांनी सांगावे.