सापडलं म्हणजे आपलं झालं का?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



वर्ष संपता संपता आपल्या इंदूरच्या परिवार ग्रुपवर एक फोटो आला होता, बऱ्याच जणांनी पाहिला असेल. काळ्या मखमलीवर ओळीनं मांडलेली 31 जुनी नाणी. आपल्या एका गुरुभगिनीचे जावई इंग्लंडमध्ये सफोक जिल्ह्यात राहतात, त्यांनी पाठवलेला. खाली लिहिलं होतं, "यंदाचं वर्ष फार चांगलं गेलं!"

त्यांना मेटल डिटेक्टर घेऊन शेतातून फिरण्याचा छंद आहे. तिकडे हा छंद करणारे पुष्कळ लोक आहेत. कानाला हेडफोन, हातात लांब दांडीचं यंत्र, खांद्याला छोटं फावडं. पीक निघालं की पुढची पेरणी होईपर्यंत रविवारी सकाळी शेतात जायचं, यंत्र जमिनीलगत डावीकडून उजवीकडे फिरवत हळूहळू चालायचं आणि आवाज आला की थांबून खणायचं.

फोटोखाली लगेच मेसेज सुरू झाले. कुणी लिहिलं, "लक्ष्मी प्रसन्न आहे जावईबापूंवर!" कुणी विचारलं, "विकले तर किती येतील?" एका काकूंनी मात्र लिहिलं, "जमिनीतलं धन घरात आणू नये. त्यावर नाग बसलेला असतो, त्रास होतो." आणि एका तरुण मुलानं एका ओळीत विचारलं, "पण ही नाणी आहेत कोणाची?"

त्या प्रश्नावर ग्रुप शांत झाला. गुरुवारच्या सत्संगानंतर चहा पिताना आम्ही पाच-सहा सेवेकरी भगिनी त्यावरच बोलत बसलो. घरी गेल्यावरही तो विषय डोक्यातून जाईना. का जाईना, ते पुढे सांगतो.

आधी जावईबापूंचं वर्ष कसं गेलं ते सांगू. आम्ही त्यांना मुद्दाम फोन लावला होता. ते म्हणाले, "मावशी, फोटोत 31 नाणी दिसतात, पण घरात एक बादली भरून गंजके खिळे, डब्यांची झाकणं, शिशाचे तुकडे, बटणं आणि बंदुकीच्या काडतुसांच्या टोप्या आहेत. तो फोटो मी टाकला नाही." आम्ही हसलो. आपणही ग्रुपवर फक्त मखमलीवरचं टाकतो, बादली कोण दाखवतं!

सापडलेल्या नाण्यांत काही रोमन काळातली बारकी तांब्याची, काही हातोड्यानं ठोकून पाडलेली चांदीची. ही चांदीची इतकी पातळ की नखाएवढी वाटतात. त्यातलं एक अर्धंच होतं. आम्हाला वाटलं तुटलं असेल, पण ते म्हणाले की त्या काळी सुट्टे पैसे हवे असले की लोक नाणंच कापून अर्धं किंवा पाव करत. बाजारात मोड नसली की आपली जशी पंचाईत होते तशीच त्यांचीही होत असणार.

पण आम्हाला आवडली ती त्यांची वही. शेतमालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय ते शेतात पाऊल टाकत नाहीत. मोलाचं काही निघालं तर निम्मं मालकाचं, हे आधीच ठरलेलं. नाणं सापडलं की ते छोट्या पिशवीत जातं, पिशवीवर नंबर पडतो आणि वहीत त्या नंबरापुढे तारीख आणि जागा लिहिली जाते. दर काही महिन्यांनी पिशव्या जिल्ह्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला दाखवतात. 1997 पासून इंग्लंडमध्ये अशा सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची सरकारी योजना आहे आणि तिच्यात आजवर दहा लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत. सुट्या नाण्याची नोंद सक्तीची नाही, ती स्वखुशीनं करायची. मौल्यवान ठेवा सापडला तर मात्र कायद्यानं 14 दिवसांच्या आत कळवावं लागतं.

आम्ही विचारलं, "नाणं तुमच्याकडेच राहणार, मग जागा लिहून काय मिळतं?" ते म्हणाले, "मावशी, नाणं दुकानातही मिळतं. ते कुठं पडलं होतं हे दुकानात मिळत नाही. एकाच शेतात एका काळाची दहा नाणी पडलेली दिसली तर तिथं कधीकाळी बाजार भरत होता की काय, याचा अंदाज येतो. मी जागा नाही सांगितली तर तो बाजार पुन्हा कधीच सापडणार नाही."

त्यांच्याच सफोकमधली 1992 सालची गोष्ट त्यांनी सांगितली. हॉक्सन नावाच्या गावात एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. एरिक लॉज नावाचे त्याचे मित्र डिटेक्टर घेऊन ती शोधायला गेले. हातोडीऐवजी चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी निघायला लागली. थोडं काढल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे काही साधं नाही. त्यांनी खणणं थांबवलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाच्या लोकांनी येऊन हलक्या हातानं सगळं काढलं. सुमारे 15,000 नाणी आणि जवळजवळ 200 दागिने-भांडी, रोमन राज्य तिथून जाण्याच्या सुमारास कुणीतरी पुरून ठेवलेली. लाकडी पेटी कुजून गेली होती, पण बिजागऱ्या आणि कुलपं जागच्या जागी होती, म्हणून कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवली होती तेसुद्धा समजलं. लॉज यांना साडेसतरा लाख पौंड बक्षीस मिळालं, ते त्यांनी त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हरवलेली हातोडीही सापडली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

आमचं मन त्या एका क्षणावर अडकलं. हाताखाली सोनं लागलंय, आजूबाजूला कुणी नाही, आणि माणूस हात थांबवतो. पुढची नाणी उपसून घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

याच्या उलट घडलेलंही आहे. 2015 साली पश्चिम इंग्लंडात लेमस्टर गावाजवळ दोघा छांदिष्टांना अकराशे वर्षांपूर्वीचा ठेवा सापडला. त्यांनी कळवलं नाही, गुपचूप विकायला काढला. सुमारे 300 नाणी असावीत असा अंदाज आहे, त्यातली थोडीच सरकारच्या हाती आली. 2019 मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. त्याच 2015 साली ऑक्सफर्डशरमध्ये वॉटलिंग्टनजवळ दुसऱ्या एका निवृत्त गृहस्थांना जवळपास त्याच काळातला ठेवा सापडला. त्यांनी कळवलं. तज्ज्ञांनी मातीच्या गोळ्यासकट तो उचलून नेला आणि आता तो ऑक्सफर्डच्या संग्रहालयात सगळ्यांना बघता येतो.

दोन्ही ठेव्यांत एक नाणं सारखं होतं. त्यावर दोन राजे शेजारी-शेजारी बसलेले आहेत. एक वेसेक्सचा आल्फ्रेड आणि दुसरा मर्सियाचा केओलवुल्फ. आल्फ्रेडला इतिहासानं थोर म्हटलं. केओलवुल्फला मात्र नंतरच्या लिहिणाऱ्यांनी परक्यांच्या हातचं बाहुलं म्हणून हिणवलं. ही नाणी सांगतात की दोघं बरोबरीचे सोबती होते. अकराशे वर्षं बदनाम राहिलेल्या माणसाची बाजू नाण्यांनी मांडली. ती सगळी चोरबाजारात गेली असती तर ही साक्ष कुणी दिली असती?

इथपर्यंत गोष्ट इंग्लंडची. आता घरची सांगतो. लिहिताना संकोच वाटतो, पण इतरांच्या बादलीबद्दल बोलायचं आणि आपली झाकायची, हे बरोबर नाही.

1996 साली राजवाड्याच्या मागचा आमचा जुना वाडा पाडायला काढला. मातीच्या भिंती, सागवानी खांब. निमाडकडून आलेले मजूर काम करत होते. एके दुपारी माजघराची भिंत पाडताना त्यांच्यातल्या एकाच्या कुदळीला काहीतरी लागलं. पितळी गडू होता, तोंडावर कापड बांधलेलं. तो गडू दोन्ही हातांत धरून तो माणूस स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "बाईसाहब, दीवार में था। आपका है।"

आत 57 रुपये निघाले. बरेचसे राणीछाप, काही होळकरी, सूर्याचं तोंड असलेले. घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. त्या माणसाला पाचशे रुपये आणि त्याच्या बायकोला एक साडी दिली, आणि आपण किती उदार असं आम्हाला वाटलं. पुढच्या आठवड्यात 54 नाणी सराफ्यात गेली. जुना रुपया म्हणजे बरोबर तोळाभर वजन, सोनारानं भराभर तोलले आणि आटवले. आम्हा तिघी जावांना एकेक तबक झालं. तीन नाणी लक्ष्मीपूजनासाठी ठेवली. भिंतीत ती कुठल्या कोनाड्यात होती, वरचं कापड कसलं होतं, होळकरी नाण्यांवर कुठलं साल होतं, काही म्हणजे काही लिहून ठेवलं नाही.

"आपल्याच वाड्यातलं, आपल्याच पूर्वजांचं," असं इतकी वर्षं म्हणत आलो. पण खरं सांगायचं तर वाडा आजेसासऱ्यांनी दुसऱ्या एका कुटुंबाकडून विकत घेतलेला. गडू कुणी ठेवला, देव जाणे. एखाद्या बाईनं घरखर्चातून वाचवून भिंतीत लपवला असेल आणि सांगायचं राहून गेलं असेल. आम्ही तिचा विचारही केला नाही.

गुरुवारी हे बोललो, तेव्हा कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले आपले एक गुरुबंधू तिथं होते. ते म्हणाले, "वहिनी, आपल्याकडे 1878 चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात लपवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. न कळवणाऱ्याला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांच्या आत आपल्या पूर्वजानं ठेवलं असं कुणी म्हणत असेल तर त्याला दिवाणी कोर्टात ते सिद्ध करायची संधी मिळते. आणि धन बेवारस ठरलं, आधी काही वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक हिस्सा जागेच्या मालकाचा. सरकारला हवं असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त देऊन ते विकत घेतं."

तीन हिस्से सापडवणाऱ्याचे! आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, आणि आम्हालाही नव्हतं. पण ठाऊक असतं तर आम्ही वेगळं वागलो असतो का? छातीवर हात ठेवून 'हो' म्हणता येत नाही.

पाच यमांपैकी अस्तेय आपण सगळे पाठ म्हणतो. चोरी करू नये, एवढाच अर्थ घेतला तर आपण सगळे पास होतो, कारण कुणाच्या खिशात हात कोण घालतं? पण जे दिलं गेलेलं नाही ते आपलं समजणं, हेही त्यात येतं. सापडलेली वस्तू कुणी दिलेली नसते. ठेवणारा वेगळा, शोधणारा वेगळा, जागा तिसऱ्याची, आणि तिच्यातून जे कळणार ते तर सगळ्यांचं. आपण मधल्यामधे फक्त हातात धरणारे. काकूंच्या नागाच्या भीतीनं माणूस फार तर हात लावणार नाही. हात लागल्यावर कसं वागायचं, ते भीती शिकवत नाही.

म्हणून जावईबापूंचं वर्ष चांगलं गेलं असं आम्हीही म्हणतो, पण 31 नाण्यांमुळे नव्हे. वर्षभरात 31 वेळा, कुणी बघत नसताना, त्यांनी वहीत खरी जागा लिहिली. मालकाला दाखवलं, अधिकाऱ्याला दाखवलं, आणि मग आपलं म्हटलं.

आम्ही काय केलं? तिघी जावा दिवाळीनंतर पहिल्यांदाच या कामासाठी एकत्र बसलो. त्या मजुराला शोधायचा प्रयत्न केला. ठेकेदार आता हयात नाहीत, त्यांच्या मुलाकडे इतक्या जुन्या नोंदी नाहीत. तिघींनी आपापल्या तबकाच्या चांदीची आजची किंमत काढली आणि तिचे तीन हिस्से बांधकाम मजुरांच्या मुलांच्या शाळेसाठी द्यायचं ठरवलं. त्यानं त्या माणसाचं देणं फिटत नाही, हे आम्हाला माहीत आहे. उरलेली तीन नाणी घेऊन कचेरीत जाऊन उशिरा का होईना कळवायचं, हेही ठरलं. गुरुबंधू बरोबर येणार आहेत.

नेण्याआधी धाकट्या जाऊबाईंनी जावईबापूंच्या वहीसारखी एक चिठ्ठी लिहायला घेतली. कुठं सापडलं: माजघराची भिंत. केव्हा: 1996, उन्हाळा. किती: 57. मग तिनं विचारलं, "सापडवणाऱ्याचं नाव काय लिहू?"

आम्हा तिघींना नाण्यांचा आकडा पाठ होता, तबकाचं वजन पाठ होतं, साडीचा रंगसुद्धा आठवत होता. नाव कुणालाच आठवेना. आठवणार कसं? त्याला नाव विचारलंच नव्हतं.

चिठ्ठीत तसंच लिहिलं आहे: "नाव विचारलं नाही."

या गुरुवारी घरी सगळ्यांनी मिळून एवढंच करावं, अशी विनंती. आपल्या घरात कुणाकडून आलेलं, कुणी शोधून दिलेलं, कुणी उचलून आणून ठेवलेलं असं काय काय आहे ते आठवावं, आणि ज्यांची नावं अजून विचारता येतील ती विचारून घ्यावीत.

सद्गुरुचरणी नमस्कार 🙏