काढलेला फोटो कुणाचा?

काढणे हा आम्हा वाडीवाल्यांचा रोजचा शब्द. विहिरीतून पाणी काढतो, गाईचं दूध काढतो, वालाच्या शेंगा काढतो. जिथून काढलं तिथे तेवढं कमी होतं. फोटोही आपण काढतोच. तिथे कुणाचं काय कमी होतं?

मुलाने दिवाळीत नवा कॅमेरा आणून दिला म्हणून हा विचार डोक्यात आला, एरवी कशाला येतोय! पौषातल्या एका सकाळी पुतण्याला घेऊन तुंगारेश्वरचा डोंगर चढलो. पूर्वी रोलमध्ये ३६ फोटो यायचे, तेही लग्नाकार्याला जपून वापरायचे. ह्याच्या कार्डात हजारो मावतात. मग हात आवरत नाही. दंवाने भिजलेलं कोळ्याचं जाळं काढलं, वर गेल्यावर धुरकटातली वसईची खाडी काढली. एक बुलबुल लांब फांदीवर बसला होता. बटण फिरवलं तसा तो असा जवळ आला की चोचीला लागलेला गर दिसला. पायाने एवढा जवळ गेलो असतो तर तो केव्हाच उडाला असता. कॅमेऱ्याने मी जवळ गेलो आणि त्याला पत्ताच नाही.

उतरताना समोरून मोळ्या घेतलेल्या वारली बायका येताना दिसल्या. ऊन कोवळं, मोळ्यांच्या लांबच लांब सावल्या. पुतण्या म्हणाला, “काका, लवकर काढा, असा फोटो परत मिळायचा नाही.” मी डोळा लावला. पुढच्या बाईच्या कपाळावरचा घाम दिसला. तिला मी अजून दिसलोही नव्हतो. त्या बुलबुलासारखंच. मी कॅमेरा खाली घेतला.

जवळ आल्यावर तिनेच सांगितलं, “आमचा फोटू नको काढू, बाबा. मोळी दिसंल न.”

तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झालं. तिथून लाकूडफाटा न्यायला बंदी आहे. तिची चूल मात्र त्या आधीपासून पेटते आहे. तिच्या डोक्यावरची वाळकी लाकडं माझ्या कार्डात देखावा, आणि भलत्याच्या हाती पडली तर पुरावा.

पुतण्याचं म्हणणंही टाकाऊ नव्हतं. वाटेवर जे उघड दिसतं ते सगळ्यांचं, असं तो म्हणाला. शिवाय ह्यांचे हाल कुणी दाखवलेच नाहीत तर शहराला कळणार कसे? खरंय. अशा फोटोंनी माणसं हललेली आहेत. पण फोटोचं नाव काढणाऱ्याला मिळतं आणि दंड भरायची पाळी आली तर ती हिच्यावर येते. हा कसला वाटा?

माझा बाप रहाटावर बैल हाकायचा. मुंबईचे लोक रविवारी वसईला फिरायला यायचे, रहाट बघून हरखायचे आणि बापाचे फोटो काढून न्यायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, उघडं अंग. बाप हसून उभा राहायचा. माणसं वाईट नव्हती, एकाने मला गोळ्यापण दिल्या होत्या. पण त्यातला एकही फोटो आमच्या घरी आला नाही. आज आमच्या भिंतीवर बापाचा फोटो नाही. कुणाच्या तरी जुन्या अल्बमात तो असेल, ‘रहाट, वसई’ एवढंच खाली लिहिलेलं. आता सांगा, काही कमी झालं की नाही?

आमच्याच जिल्ह्यात, डहाणूकडच्या गंजाडला जिव्या सोमा मशे राहायचे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रात बाई दोन त्रिकोणांची. चेहरा नाही. डोक्यावर भारा असला तरी ती कोण, कुठल्या पाड्याची, हे कुणाला कळत नाही. काम दिसतं, माणूस पकडला जात नाही. कॅमेऱ्याला हे जमत नाही. तो आधी चेहराच धरतो.

बायका थोड्या पुढे गेल्या आणि ती पुढची बाई परत वळली. मोळी एका सागाआड टेकवली, पदर नीट केला, केसातली काडी काढली आणि ताठ उभी राहिली.

“आता काढ. न कागदावर आणून दे.”

पुतण्या घरी येईपर्यंत कुरकुरत होता. मोळी नाही म्हणजे हा फोटो खोटा, असं त्याचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. आपण लग्नाच्या फोटोला शेणाचे हात धुऊनच बसतो, म्हणून ते लग्न खोटं होत नाही.

फोटो तसा साधाच आलाय. ऊन पाठीमागून असल्याने तोंड जरा काळवंडलंय. पाडा पायथ्यालाच आहे, पाण्याच्या टाकीजवळ, असं तिने सांगितलंय. स्टेशनजवळच्या दुकानात प्रत करायला टाकली आहे, सोमवारी मिळेल.