परगावचा वडाभात

परगावी राहणाऱ्या माणसास आपल्या प्रांतीचा पदार्थ चांगला मिळाला म्हणजे पहिल्याच घासास तो म्हणतो, 'हा खरा.' या 'खरा' शब्दाचा अर्थ काय, याचा विचार आमच्याकडील वडाभाताच्या निमित्ताने करावा असे मनात आहे. 'आमच्याकडील' म्हणजे झाडीपट्टीतील. १९८२ साली चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, ताट मात्र एकच राहिले. पुण्यामुंबईच्या वाचकांस वडा म्हटला की बटाट्याचा आठवतो, म्हणून सांगणे भाग आहे : भिजविलेल्या डाळी जाडसर वाटून त्यांचे वडे तळावयाचे, ते मोकळ्या भातावर कुस्करावयाचे आणि वरून मोहरी, हिंग, लसूण व लाल मिरची यांची कडकडीत फोडणी ओतावयाची. तेलास हात आखडणाऱ्याने या खटपटीत पडूच नये.

आता यातले खरेपण कोठे असते? डाळीत म्हणावे, तर धान निघाल्यावर बांधीतील ओलीवर येणारी लाखोरीची डाळ आमच्याकडील वड्यांत असे. ती दिवसेंदिवस तेवढीच खाल्ल्याने, विशेषतः दुष्काळात, पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली व ती कित्येक वर्षे टिकली. मग परगावच्या गृहिणीने हरभऱ्याची नि तुरीची डाळ घेतली तर तिचा वडा खोटा ठरला काय? आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या आज्यांनी लाखोरी वापरली ती परंपरा राखावी म्हणून नव्हे. ती बांधीत होती म्हणून.

भाताची गोष्ट निराळी आणि आमच्या मते अधिक गंभीर आहे. परगावी वडाभात जमला, तर पुष्कळदा तांदूळ 'एचएमटी' असतो. नावावरून तो एखाद्या कारखान्यातून आला असावा असे वाटते. वस्तुतः नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांस १९८३ साली आपल्या धानात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी वेगळे राखले आणि वर्षानुवर्षे निवडीत हे वाण सिद्ध केले. त्यास नाव पडले ते त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे. तांदूळ दूरदूर गेला, पुरस्कारही आले. दारिद्र्य मात्र सुटले नाही. २०१८ साली गडचिरोलीतील शोधग्राम येथे दादाजी वारले.

तेव्हा 'आमचा पदार्थ' असे म्हणताना आपण मालकी सांगतो की ऋण कबूल करतो? प्रत्येक घासाची कुळकथा विचारीत बसावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. साध्या भुकेपुरता तो रास्तच आहे, भुकेल्याने जेवावे. परंतु जो खऱ्याखोट्याचा निवाडा करावयास बसतो त्यास केवळ आपल्या बालपणाची साक्ष काढून भागत नाही. बालपण हा फार पक्षपाती साक्षीदार आहे : त्याला आईचा हात आठवतो, चिखलात वाकलेली पाठ आठवत नाही. आमच्यासारख्या पगारदारांचे तर ते पाठीकडे पाहण्याचे वयही निघून गेले!

आमच्या परिचयाची एक बाई पुण्यात खानावळ चालविते. माहेर ब्रह्मपुरीकडचे. डाळ हरभऱ्याची, आणि गिऱ्हाइके कुरकुरतात म्हणून तेल बेताचे. तरी तिचा वडाभात आम्ही मागून घेऊन दोनदा जेवलो. तांदूळ कोणता म्हणून विचारले, तेव्हा तिने कोपऱ्यातील पोते दाखविले. त्यावर इंग्रजी तीन अक्षरे व आडत्याचे नाव छापलेले होते.