शुचिता कोणासाठी?

शुचितेला जवळजवळ प्रत्येक धर्मविचारात मानाचे पान आहे. मंदिरात शिरण्यापूर्वी हातपाय धुतले जातात, नमाजापूर्वी वुजू केला जातो, योगसाधनेच्या पाच नियमांत शौचाचा उल्लेख सर्वांत आधी येतो. शुद्ध व्हावे कसे, याची चर्चा आपल्याकडे शतकानुशतके झाली. शुद्ध व्हायचे ते कोणासाठी, ह्या प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही, कारण त्याचे उत्तर गृहीतच होते: स्वतःसाठी, स्वतःच्या देवापुढे उभे राहता यावे म्हणून. रुग्णाच्या खाटेपाशी उभी असलेली परिचारिका दिवसातून कितीतरी वेळा हात धुते, तेव्हा ती ह्याच प्रश्नाचे वेगळे उत्तर देत असते. तिची शुचिता दुसऱ्यासाठी असते. हा फरक वैद्यकीय तपशिलापुरता नाही. शुचितेची संपूर्ण कल्पनाच त्याने बदलते आणि धर्मविचाराने तो बदल मनापासून स्वीकारायला हवा, असे मला वाटते.

आधी जुनी कल्पना नीट पाहू. पतंजलीच्या योगसूत्रांत शौचाचे फळ सांगितले आहे. साधकाच्या मनात स्वतःच्या देहाविषयी जुगुप्सा उपजते आणि इतरांच्या देहाचा संसर्ग त्याला नकोसा होतो. पुढे चित्ताची प्रसन्नता आणि एकाग्रताही येते. एकांतातल्या साधकापुरता हा विचार सुसंगत आहे. पण मराठी घरांतल्या सोवळ्यात त्याचे सामाजिक रूप झाले. आंघोळ करून, रेशमी मुकटा नेसून देवघरात किंवा स्वयंपाकघरात गेलेल्या माणसाला कोणी शिवायचे नाही. शिवले तर सोवळे मोडले. इथे धोका सतत बाहेरून येतो. जो शुद्ध आहे त्याच्यापासून कोणाला अपाय होईल, ही शंका ह्या व्यवस्थेला कधी शिवतच नाही. शुद्धी ही एक अवस्था मानलेली आहे, ती मिळवायची आणि मग इतरांपासून दूर राहून राखायची.

ह्या समजुतीला जबर धक्का बसला तो व्हिएन्नात. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने होणारे मृत्यू इतके अधिक होते, की तिथे दाखल करू नका म्हणून बायका गयावया करत. इग्नाझ सेमेलवाइस ह्या तरुण डॉक्टरला १८४७ मध्ये कारण उमगले. शवविच्छेदनाच्या टेबलावरून थेट प्रसूतिकक्षात येणारे हात रोग घेऊन येत होते. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण जून-जुलैत २ टक्क्यांच्या आसपास आले. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. गर्भाशयाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका स्त्रीनंतर तपासलेल्या बहुतेक स्त्रिया दगावल्या. म्हणजे मृतदेहाला हात लागण्याचीही गरज नव्हती. एका जिवंत रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातानाही तेच घडत होते. डॉक्टरांना हे पटायला जड गेले. फिलाडेल्फियाचे नामवंत प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांनी तर सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात, असा युक्तिवाद केला होता. प्रतिष्ठेलाच शुद्धी समजण्याची ही चूक आपल्या ओळखीची आहे. मी शुद्ध, म्हणून माझा स्पर्श निर्दोष, हा सोवळ्याचाच सिद्धान्त तिथे कोट-टाय घालून उभा होता.

आजच्या परिचारिकेला शिकवले जाते ते ह्याच्या नेमके उलट. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, कोणतीही निर्जंतुक प्रक्रिया करण्यापूर्वी, रक्त किंवा इतर शारीरस्रावांशी संपर्काची शक्यता आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. पहिले दोन प्रसंग पूर्णपणे रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत. आणि नेमके तिथेच हात धुणे अधिक राहून जाते, असे निरीक्षणांत वारंवार आढळले आहे. काम उरकल्यावर हात धुवावेसे आपोआप वाटते, कारण घाण आता आपल्या अंगाला लागलेली असते; कामाआधी धुण्याची ओढ आतून येत नाही, कारण आपले हात आपल्याला स्वच्छच वाटतात. सोवळे कायद्याने आणि रीतीने मागे पडले, तरी त्याची दिशा माणसाच्या मनात खोल रुजलेली आहे, याचा हा पुरावा आहे. ही दिशा बदलता येते, याचाही पुरावा आहे. अ‍ॅडम ग्रँट आणि डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रुग्णालयातल्या साबणाच्या डब्यांपाशी दोन प्रकारच्या सूचना लावल्या. हात धुतल्याने तुम्ही आजारापासून वाचता, ह्या सूचनेने विशेष फरक पडला नाही. हात धुतल्याने रुग्ण वाचतो, असे लिहिले तिथे साबणाचा वापर वाढला. स्वतःच्या भयापेक्षा दुसऱ्याची काळजी अधिक प्रभावी ठरली.

यावर पहिला आक्षेप असा, की सोवळे म्हणजे जुन्या काळचे आरोग्यशास्त्रच होते. बाहेरून आल्यावर हातपाय धुणे किंवा जेवणापूर्वी हात धुणे, ह्या सवयी हितकारक होत्याच. पण सोवळ्याचा निकष मळ हा नव्हता. रेशमी वस्त्र रोज न धुताही सोवळे राही आणि नुकताच स्वच्छ आंघोळ केलेला माणूस केवळ जन्मामुळे विटाळ ठरे. ज्या नियमाला घाण दिसत नाही आणि जात दिसते, त्याला आरोग्याचा नियम म्हणता येणार नाही. रुग्णालयातसुद्धा हे सोवळे नव्या रूपात येऊ शकते. एकच हातमोजे घालून चार रुग्णांना हाताळणारी व्यक्ती स्वतः सुरक्षित राहते आणि चौघांना धोक्यात घालते. म्हणूनच प्रत्येक रुग्णासाठी हातमोजे बदलायचे आणि ते काढल्यावरही हात धुवायचे, असा नियम आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्या समाजात माणसाला शिवल्यावर आंघोळ करण्याची रीत होती, तिथे रुग्णाला हात लावून लगेच धुतलेले हात पाहून त्याच्या मनाला काय वाटत असेल? कुष्ठरोग्याला, एचआयव्हीबाधिताला किंवा पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्यता सोसलेल्या घरातल्या माणसाला त्यात जुना अपमान दिसला, तर त्याला दोष देता येणार नाही. उत्तर त्या नियमाच्या रचनेतच आहे. तो सर्वांना सारखा लागू होतो. रोगाचे नाव, जात किंवा पैसा पाहून बदलत नाही. आणि त्याचा पहिला संशय परिचारिकेच्या स्वतःच्या हातांवर आहे. स्पर्शाआधी, रुग्णाच्या देखत हात धुतले, तर माझ्यापासून तुम्हाला अपाय होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ उरतो. सोवळे स्पर्श टाळण्यासाठी होते. हे हात धुणे स्पर्श करता यावा म्हणून आहे. जो नियम काहींनाच शिवल्यावर पाळला जाईल, तो मात्र पुन्हा विटाळच होईल.

तिसरा आक्षेप म्हणजे यात तत्त्वज्ञान कसले, हे तर तंत्र आहे. अल्कोहोलयुक्त द्रावणाने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने सारे मिळून ४० ते ६० सेकंद. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि बोटांची टोके. हात मळलेले दिसत असले किंवा बीजाणू बनवणाऱ्या जंतूंमुळे अतिसार झालेला असला तर साबण-पाणीच. अंगठ्या आणि बांगड्या काढायच्या, मग त्या कितीही पवित्र असोत. जंतूंना हेतू कळत नाहीत, हे खरेच; मनातल्या सद्भावनेने अंगठ्याची राहून गेलेली बाजू स्वच्छ होत नाही. पण म्हणूनच हे तंत्र नैतिक ठरते. न धुतलेल्या हाताने दिलेला संसर्ग काही दिवसांनी दिसतो आणि तो कोणाच्या हातून आला हे बहुधा कधीच कळत नाही. धुतलेल्या हाताने टळलेला संसर्ग तर कोणालाच दिसत नाही. त्यात ना शिक्षेचे भय, ना श्रेयाची आशा. कोणी पाहत असेल तर हात धुण्याचे प्रमाण वाढते, हे निरीक्षकांना ठाऊक आहे. कोणी पाहत नसताना ते टिकते का, यात माणसाची कसोटी आहे. निष्काम कर्माची आपण पुष्कळ चर्चा करतो. फळ न दिसणारे कर्म अचूक आणि पुन्हा पुन्हा करणे म्हणजे काय, ते इथे प्रत्यक्ष आहे.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे आणि तो मला मान्य आहे. एकट्या परिचारिकेवर भरलेला वॉर्ड सोपवायचा, बेसिन दूर, साबण संपलेला, आणि वर तिला कर्तव्याचे धडे द्यायचे, हा दांभिकपणा आहे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांच्या गटाला १९९४ मध्ये हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्के आढळले. कामाचा ताण जितका अधिक, तितके ते कमी होते आणि डॉक्टर परिचारिकांच्या मागे होते. रुग्णालयाने खाटेपाशी द्रावण ठेवले, व्यवस्थापन स्वतः मोहिमेत उतरले आणि १९९७ पर्यंत हे प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात होणारे संसर्गही घटले. म्हणजे ही शुचिता एकट्याच्या पुण्याईने साधत नाही. पाणी, साबण, पुरेसे मनुष्यबळ आणि हात धुण्याइतका वेळ पुरवणे हा त्याच धर्माचा अर्धा भाग आहे, आणि तो रुग्णालय चालवणाऱ्यांवर व शासनावर बंधनकारक आहे.

शुचिता ही साठवून ठेवण्याची अवस्था नाही, हा या साऱ्याचा निष्कर्ष. सकाळी धुतलेले हात दुपारच्या रुग्णाच्या कामाचे नाहीत. वरिष्ठाचे हात त्याच्या वयामुळे स्वच्छ होत नाहीत. शुचिता हे पुढच्या माणसाचे देणे आहे, आणि प्रत्येक स्पर्शाआधी ते नव्याने फेडावे लागते. धर्माला शौच हा सद्गुण म्हणून जपायचा असेल, तर माझ्यापासून कोणाला अपाय होईल, हा प्रश्न त्याने आधी विचारायला हवा. मला कोणाचा विटाळ होईल, ह्या प्रश्नावर आपण पुरेसा काळ घालवला आहे.