नाकारलेल्या निबंधाचें गाऱ्हाणें

‘साभार परत’ ह्या दोन शब्दांनीं दुखावला गेला नाहीं असा लेखक विरळाच. कवितेच्या बाबतींत हें दुःख लवकर विसरतां येतें. रुचि भिन्न असते, अशी मनाची समजूत घालतां येते. परंतु शास्त्रीय नियतकालिकाचा संपादक निबंध नाकारतो, तेव्हां तो निवाडा रुचीचा नसून खऱ्याखोट्याचा असतो. अशा निवाड्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार लेखकास असावा काय, आणि असल्यास ती दाद कोणीं ऐकावी?

ह्या प्रश्नाचें एक जुनें उदाहरण मुंबईशीं निगडित आहे. जॉन जेम्स वॉटरस्टन हा स्कॉच गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक उमेदवारांचा शिक्षक म्हणून तेथें राहत होता. वायूचे कण सतत इतस्ततः धांवत असतात व वायूचा दाब आणि उष्णता हीं त्या धांवण्याचींच फळें होत, असें गणितानें दाखविणारा निबंध त्यानें १८४५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. एका परीक्षकानें तो निव्वळ मूर्खपणाचा, सभेपुढें वाचण्यासही अयोग्य, असा ठरविला. त्रोटक सारांश तेवढा छापला गेला. मूळ हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरांत पडलें आणि तेथील रिवाजामुळें परतही मिळालें नाहीं. वॉटरस्टनजवळ दुसरी प्रत नव्हती. म्हणजे ‘साभार’ही नाहीं आणि ‘परत’ही नाहीं!

पुढें क्लॉसिअस व मॅक्सवेल ह्यांनीं त्याच दिशेनें विचार करून कीर्ति मिळविली. १८८३ सालीं वॉटरस्टन एडिंबरो येथें घराबाहेर पडला, तो परत आलाच नाहीं. सोसायटीचे चिटणीस लॉर्ड रॅले ह्यांनीं तें हस्तलिखित शोधून काढलें व १८९२ सालीं तें छापून निघालें. निबंध वेळीं न छापल्यानें हा विषय दहा-पंधरा वर्षें मागें पडला असावा, असें रॅले ह्यांनीं प्रस्तावनेंत कबूल केलें. मात्र अप्रसिद्ध लेखकानें असले धाडसी विचार दुसऱ्या एखाद्या मार्गानें जगापुढें मांडावे, असा उपदेशही त्यांनीं केला. उपदेश व्यवहारास धरून आहे खरा. पण त्यांत लेखकास धडा मिळाला, मंडळास कोणता मिळाला?

कोणी म्हणेल, नाकारलेला प्रत्येक लेखक स्वतःस वॉटरस्टनच समजतो. सर्वांचीं गाऱ्हाणीं ऐकत बसल्यास रांगेंत उभ्या असलेल्या इतर लेखकांवर अन्याय होईल. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच दाद ऐकण्याचा नियम लेखकाच्या प्रतिभेवर अवलंबून ठेवितां कामा नये. प्रतिभा आधीं ओळखतां येत नाहीं. निवाडा नीट झाला कीं नाहीं, हें मात्र पाहतां येतें. परीक्षकाचा लेखकाशीं हेवादावा होता काय, त्यानें मूळ मुद्दा वाचला काय, कारणें सांगितलीं काय, इतकेंच पाहावयाचें. लेखकानेंही संताप न दाखवितां परीक्षकाची चूक नेमकी दाखवावी. मग त्रयस्थानें एकदां वाचावें, आणि तो सांगेल तें उभयतांनीं अखेरचें मानावें. तक्रार खुद्द संपादकाविरुद्ध असल्यास ती संपादकाच्याच मेजावर जाऊं नये. आपल्या खटल्यांत आपणच न्यायाधीश होणें कोणासच शोभत नाहीं. १९९७ सालीं इंग्लंडांत संपादकांनीं स्थापिलेली प्रकाशननीतीची समिति आज हेंच सांगते, कीं तक्रार ऐकण्याची पद्धति प्रत्येक नियतकालिकानें आधींच उघड करावी.

एवढ्यानें वॉटरस्टनचा निबंध छापला गेला असता काय? कदाचित् नाहीं, दुसऱ्या परीक्षकानेंही तो नाकारला असता. परंतु आपण कोठें चुकलों असें लोकांस वाटतें, हें त्यास कळलें असतें, आणि कागद हातीं घेऊन तो दुसऱ्या दाराशीं गेला असता.

मींही आयुष्यभर इतरांचे कागद तपासले आहेत. ‘पुन्हां एकदां पाहतां काय?’ असें एखादा विद्यार्थी विचारतो, तेव्हां प्रथम राग येतो, हें मी लपवीत नाहीं. मग वाटतें, त्यानें माझा अपमान केलेला नाहीं. तो अजून माझ्या न्यायबुद्धीवर विश्वास ठेवीत आहे. ज्याचा विश्वास उडाला, तो विचारीतही नाहीं; मुकाट्यानें निघून जातो.